पुसलेली नावं

गोदामात तिला सगळे खोडरबर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण काम तेच होतं. मेलेल्या माणसांच्या घरांतून निघालेल्या वस्तूंवरची नावं पुसायची. घड्याळाच्या पाठीवर कोरलेलं नाव चाकावर घासून काढायचं, रुमालाच्या कोपऱ्यात भरलेली अक्षरं सुईने टाका टाका करत उसवायची, पुस्तकाचं ‘सप्रेम भेट’वालं पान पात्याने मुळापासून असं कापायचं की तिथे पान होतं अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. नाव गेलं की वस्तू कुणाचीच राहत नाही, आणि कुणाचीच नसलेली वस्तू कुणालाही विकता येते. धंद्याचं सगळं गणित एवढंच.

या वस्तू जायच्या नवलपेटीत. नवलपेटी म्हणजे दर महिन्याला घरपोच येणारा बंद खोका. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. त्याने वर्गणी भरायची, वाट पाहायची आणि दार वाजलं की लहान पोरासारखं धावायचं. आत कधी अत्तराची रिकामी कुपी निघे, कधी कागद कापायचा पितळी चाकू, कधी कुणाच्या तरी आजीचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. कंपनीची जाहिरात मोठी गोड होती. आम्ही नवीन काही बनवत नाही, जुन्याला नवं घर देतो, वगैरे. ऐकणाऱ्याला वाटावं, हे लोक धंदा करत नाहीत, अनाथाश्रम चालवतात.

मुकादमाला मात्र असली गोड भाषा येत नसे. तो जाडजूड माणूस खोके मोजता मोजता काहीतरी चघळत असायचा आणि कुणी विचारो न विचारो, बोलत असायचा.

“वस्तू कोण घेतंय इथं?” तो म्हणे. “लोक खोका उघडायची ती घटका विकत घेतात. चिकटपट्टी फाडली, कागद बाजूला सारला, दोन मिनिटं मजा आली, की संपलं. मग ती वस्तू कपाटात. कपाट भरलं की माळ्यावर. माणूस मेलं की पोरं माळा रिकामा करतात, आणि माल परत आपल्याकडं. आपला माल म्हातारा होत नाही बघ, गिऱ्हाईक होतं.”

यात थट्टा कमी होती. हातआरसे, सिगारेटच्या डब्या, चांदीचे पेले फिरून फिरून तिच्याच टेबलावर आलेले खोडरबरने पाहिले होते. आधी एकाचं नाव पुसावं, काही वर्षांनी त्याच जागी दुसऱ्याने हौसेने कोरून घेतलेलं नाव पुसावं. एका जागी इतकं घासलं की धातू पातळ होतो आणि बोटाला तिथे किंचित खळगा लागतो. तो खळगा गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. तो कळायला बोट तसं तयार व्हावं लागतं.

नावं तरी कसली, बहुतेक लाडाची. कागदोपत्रीचं लांबलचक नाव कुणी पावडरच्या डबीवर कोरून घेत नाही. बाळीस, नानूला, मोठ्या ताईकडून धाकटीला. खोडरबर ती वाचत नसे. निदान आपण वाचत नाही असं ती म्हणायची. चाक फिरायला लागलं की एक अक्षर जायचं, मग दुसरं, आणि चाकाखालून काळपट भुकटी पडायची. संध्याकाळी ती टेबल झाडून भुकटी केराच्या डब्यात टाकायची आणि घरी जायची.

घरी आई होती. आईला विसरायचं दुखणं लागलं होतं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग घराकडे यायचा रस्ता, मग शेजारपाजार, असं करत करत एक दिवस लेकीवर पाळी आली. त्या दिवशी खोडरबर कामावरून आली, चपला काढल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत आई अदबीने सावरून बसत म्हणाली, “या ना. तुम्ही कधी आलात?”

अहो-जाहो, आणि तेही पोटच्या पोरीला. आईने शिव्या दिल्या असत्या, ताट भिरकावलं असतं, तरी तिला इतकं लागलं नसतं. आईने तिला उभ्या जन्मात एकाच नावाने हाक मारली होती, ठकी, आणि तीही प्रेमाने कमी आणि करवादून जास्त. ठकी, दार लोट. ठकी, ते केस बांध आधी. ठकी, डोक्यात काय बटाटे भरलेत तुझ्या. या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. वडील केव्हाच गेले होते, भावंड नव्हतं, आणि लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. आई ते नाव विसरली म्हणजे ते नाव संपलं.

तिला आता एवढंच हवं होतं, की आईने एकदा ठकी म्हणावं. एकदाच. मग पुन्हा विसरली तरी चालेल. त्यासाठी तिने जुने फोटो काढून दाखवले, लहानपणीची फुटकी बाहुली आणून मांडीवर ठेवली, स्वतःच स्वतःला मोठ्याने ठकी ठकी म्हणून पाहिलं. आई फोटो निरखून बघे आणि सौजन्याने म्हणे, “गोड आहे हो मुलगी. तुमची का?” पुढेपुढे तेवढंही बोलेना. दिवसभर खिडकीबाहेर बघत गप्प बसून राही.

दिवसा आईपाशी एक मावशी बसायच्या. शेजारच्या इमारतीतल्या, तोंडाने फटकळ, हाताने प्रेमळ. त्या आईला न्हाऊमाखू घालायच्या, भरवायच्या आणि संध्याकाळी खोडरबर आली की दिवसभराचा अहवाल देऊन जायच्या. बहुतेक दिवशी अहवाल एका शब्दाचा असे: गप्प.

नवलपेटी घरी आली ती एका दबलेल्या कोपऱ्यामुळे. खोक्याचा कोपरा दबला की तो खोका गिऱ्हाइकाला पाठवायचा नाही, असा नियम होता. आतला माल शंभर वर्षं वापरलेला असला तरी चालेल, खोका मात्र कोराकरकरीत हवा. दबलेले खोके कामगारांपैकी कुणीही न्यावेत. इतर बायका आनंदाने न्यायच्या. खोडरबर नेत नसे. ज्या वस्तूंशी दिवसभर झगडायचं त्या घरी कशाला, असं तिचं मत. त्या दिवशी मुकादमाने खोका तिच्या हातात कोंबला. “ने गं. म्हातारीला उघडायला दे. तेवढाच विरंगुळा.”

तिने खोका आईच्या मांडीवर ठेवला. आईने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग तिचे हात जागे झाले. नखाने चिकटपट्टीचं टोक शोधलं, ती सुर्रकन ओढली, कागद बाजूला केला आणि आतून एक गोल, चपटी पावडरची डबी बाहेर काढली. झाकणावरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

“छबू,” आई म्हणाली.

खोडरबरच्या हातातला कागद हातातच राहिला. ती डबी तिने चार दिवसांपूर्वी स्वतः घासली होती. ‘छबूस’ असं तिरक्या अक्षरांत होतं, खाली बारीकसं फूल. फूल जायला जास्त वेळ लागला होता म्हणून तिच्या लक्षात होतं. झाकण आता आरशासारखं साफ होतं.

“कोण छबू, आई?”

“छबू हो. पावडर लावल्याशिवाय दार उघडायची नाही. पोस्टमन ताटकळत उभा राहायचा बाहेर.” आई हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. “शेवटी तिला दम लागायचा. तरी डबी उशाशीच.”

खोडरबरच्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगायचं तर काट्याखाली आनंदच जास्त होता. आई बोलत होती. पूर्ण वाक्यं बोलत होती, माणसाचं नाव घेत होती. माणसाला पाण्याचा घोट मिळाला की तो विहीर कुणाची ते विचारत नाही, तसं तिचं झालं. तिने स्वतःची समजूत घातली. आईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. उभं आयुष्य न पाहिलेल्या माणसांची नावं ऐकायची आणि त्यांना एकमेकांशी जोडून द्यायचं. असेल एखादी छबू तिथली. योगायोग.

त्यानंतर गोदामात कोपरे जरा जास्तच दबायला लागले. ते आपोआप दबत नव्हते, एवढं सांगितलं की पुरे. खोडरबर जाता येता कोपर टेकवायची. मुकादमाला दिसत असणार, पण तो चघळत राहायचा आणि दुसरीकडे बघायचा.

दुसऱ्या पेटीत दाढीचा ब्रश होता. आईने त्याची मूठ चाचपली आणि म्हणाली, “नानू.” बरोबर होतं. तिसऱ्या पेटीतल्या रुमालाचा कोपरा, जिथले टाके खोडरबरने उसवले होते, आईने दोन बोटांत धरला आणि म्हणाली, “धाकटी.” तेही बरोबर. कधीच नाव नसलेली एक काचेची बशी निघाली, ती आईने न बघताच बाजूला सारली. मग खोडरबरने मुद्दाम एक चांदीची चिमुकली वाटी नाव न पुसता आणली. ‘बाळी’ असं ठसठशीत कोरलेलं होतं. आईने अक्षरं वाचली, वाटी उलटसुलट केली आणि परत दिली. “छान आहे. तुमचीच ठेवा.” तीच वाटी खोडरबरने दुसऱ्या दिवशी चाकावर धरून साफ केली आणि संध्याकाळी आईच्या हातात ठेवली. आईने ती छातीशी धरली. “बाळी,” ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ डुलत राहिली, मांडीवर कुणी निजल्यासारखी.

तेव्हा खोडरबरला कळलं की यात योगायोग नाही. जे नाव ती वस्तूवरून काढते, ते आईच्या तोंडी येतं. दिसणारं नाव नाही येत. पुसलेलंच येतं. घाबरून हे सगळं तिथेच थांबवावं असं एखाद्याला वाटलं असतं. तिला वाटलं नाही. ज्याची आई त्याला अहो म्हणते, तो माणूस कसा विचार करतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

घर भरत चाललं. दोनच खोल्यांचं घर ते. खिडकीच्या कट्ट्यावर पेले आणि डब्या, पलंगाखाली काठ्या आणि छत्र्यांच्या मुठी, ओट्यावर बिनबुडाच्या मीठदाण्या. आई एकही वस्तू टाकू देईना. प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि जागेचे मानपान. एकदा खोडरबर दमून कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकायला गेली तर आई पटकन म्हणाली, “तिथं नको हो, नानू बसलाय.” स्टुलावर दाढीचा ब्रश होता. खोडरबर उभीच राहिली. पुढे तिलाही सवय लागली. ती घरात वावरताना वस्तूंना वळसा घालून जाई, आणि कपाटाचं दार उघडायच्या आधी नकळत जरा थांबत असे, जसं आपण आत कुणी असलं तर थांबतो. संध्याकाळचा दिवा लावला की खोलीत गर्दी असल्यासारखा उबट वास येई, पावडरीचा, जुन्या कपड्यांचा, दाढीच्या साबणाचा. आणि त्या गर्दीच्या मधोमध आई मान कलती करून बारीक आवाजात म्हणत असे, “थांबा हं, जोडून देते.”

खोडरबर त्या गर्दीत स्वतःच्या नावाची वाट पाहत बसायची. सगळ्यांची नावं झाली. तिचं आलं नाही.

एका संध्याकाळी मावशींनी पिशवी खांद्याला लावली, पण त्या दाराशीच घुटमळल्या.

“तुमचा पगार घेते म्हणून गप्प बसावं असं वाटतं, पण आता बोलते,” त्या म्हणाल्या. “हा पसारा कशाला आणता? घरात माणसं दोन, पेले पन्नास. मला केर काढायला जमीन सापडत नाही. आमची सूनही ते खोके मागवते. उघडते, फोटो काढते, पलंगाखाली ढकलते. मी म्हटलं तिला, बाई, तू मेल्यावर हे कोण उपसणार?”

“आईला बरं वाटतं, मावशी. बोलते ती.”

“तुमच्यासमोर बोलते. तुम्ही पेटी आणता, नाव ऐकता आणि स्वयंपाकाला लागता. पुढचं मी बघते. दिवसभर रडतात त्या.”

“रडते? कशाला?”

“त्या माणसांसाठी. अगदी सख्खं कुणी गेल्यासारखं. त्या डबीवालीसाठी दोन दिवस जेवल्या नाहीत. मी विचारलं, अहो कोण ही, तर म्हणाल्या, गेलेली माणसं आहेत, यांना कुणी रडलंच नाही.” मावशींनी पदराने कपाळ टिपलं. “मी इतके महिने ऐकतेय. जिवंत माणसाचं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. मला भीती वाटते हो या घरात. दुपारी खुर्च्या मोजल्या तर बरोबर असतात, पण बसायला जागा म्हणून नसते.”

खोडरबरने ते ऐकलं, पण त्यातलं तिला सोयीचं तेवढंच कानांत शिरलं. रडते म्हणजे जीव लावते. परक्यांना जीव लावते. छबू कोण, नानू कोण, त्यांच्या स्वतःच्या पोरांनी त्यांचं घर रद्दीच्या भावाने फुंकून टाकलं, आणि ही त्यांना रडते. मग मी काय घोडं मारलंय? तिला राग आला. मेलेल्यांचा हेवा वाटला, हे शब्दांत मांडायला बरं नाही, पण वाटला. आणि त्या हेव्यातच तिला ती युक्ती सुचली. सगळा खेळ पुसण्याचा आहे, मरण्याचा नाही, असं तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. जन्मभर पुसायचं काम केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार.

तिने स्वयंपाकघरातला एक चमचा घेतला. चपट्या दांड्याचा, लहानपणापासून घरात असलेला. तो घेऊन ती बाजारातल्या किल्लीवाल्याकडे गेली. किल्ल्या बनवता बनवता तो भांड्यांवर, पेनांवर नावंही कोरून देई.

“काय घालू?” त्याने विचारलं.

“ठकी.”

“भेट आहे का कुणाला? तारीख घालू?”

“तारीख नको.”

त्याने डोळ्यापाशी भिंग लावून दोन अक्षरं कोरली. छान वळणदार कोरली. खोडरबरने चमचा उजेडात धरला. आपलं नाव असं कशावर लिहिलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं. शाळेच्या वहीवर, पगाराच्या पावतीवर असायचं ते दुसरं, कामाचं नाव. हे फक्त बोललं जायचं. क्षणभर तिला वाटलं, हा असाच ठेवावा. मग तिने तो रुमालात गुंडाळला आणि गोदामात गेली.

चाक सुरू केलं. ‘ठ’चा गोल आधी बोथटला, मग फुटला, मग गेला. ‘की’ची वेलांटी शेवटपर्यंत टिकली. ती जाताना तिच्या मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवल्यासारखं झालं, आणि एक क्षण आपण इथे कशाला उभ्या आहोत ते तिला आठवेना. चाकाखाली चिमूटभर भुकटी पडली. नेहमीच्या सवयीने तिने ती झाडून केराच्या डब्यात टाकली.

मुकादम पलीकडून जात होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि थांबला. नेहमी लांबूनच ‘काय खोडरबर’ म्हणणारा तो माणूस तोंड अर्धवट उघडून उभा राहिला, समोरच्याचं नाव जिभेवर असावं आणि येऊ नये तसा. मग चघळणं पुन्हा सुरू करून निघून गेला. तिने मनावर घेतलं नाही. घरी जाताना बसमध्ये एक माणूस तिच्या मांडीवर बसता बसता राहिला. “माफ करा, रिकामी वाटली जागा,” तो म्हणाला. तेही तिने मनावर घेतलं नाही. ती रुमालातला चमचा मुठीत गच्च धरून बसली होती.

दार मावशींनी उघडलं.

“कोण पाहिजे?” त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक केले, मग कपाळावर हात मारून घेतला. “अगंबाई, तुम्ही होय. उजेड कमी आहे जिन्यात.” पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

आई खुर्चीत होती. खिडकीच्या कट्ट्यावरच्या पेल्यांवर शेवटचं ऊन पडलं होतं. खोडरबरने खोकाबिका काही केलं नाही. ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली, रुमाल सोडला आणि चमचा आईच्या तळहातावर ठेवला.

आईने चमचा तोलून पाहिला. अंगठा दांड्यावरून सरकला, पुढे गेला, परत मागे आला. एका जागी थांबला.

“ठकी,” आई म्हणाली.

अगदी तशीच म्हणाली. ठसक्यात, शेवटाला जरा ओढून, जणू आता पुढे दार लोट म्हणणार. खोडरबरचा ऊर भरून आला. इतके महिने जी हाक ऐकायला तिने गावभरच्या मेलेल्यांना घरात आणून बसवलं होतं, ती हाक आली होती. तिने आईच्या गुडघ्यांना मिठी मारली.

“हो आई. मीच. ठकी. मी आहे इथं.”

आईने तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाने अंगाशी लगटावं तशी जरा अवघडून पाहिलं, पण स्वभावाने चांगली होती, म्हणून तिने हात झिडकारले नाहीत. मग ती पुन्हा चमच्याकडे बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा बदलला. तोंडाच्या कडा खाली ओढल्या गेल्या, हनुवटी थरथरायला लागली. खोडरबरने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. तो रोज दुपारी मावशी बघायच्या.

“गेली,” आई म्हणाली.

“नाही गं आई. मी...”

“गेली हो. एकुलती एक होती माझी.” आई चमचा गालाला लावून रडायला लागली. आवाज न करता, सगळं अंग हलवत. आणि रडता रडता बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेचना. ठकीला पावसाळ्यात खोकला व्हायचा तो. ठकीने शाळेतून येताना कुत्र्याचं पिल्लू दप्तरात घालून आणलं होतं ते. ठकी रुसली की पलंगाखाली जाऊन झोपायची आणि मग तिथेच भूक लागायची तिला. ठकीचा बाप गेला त्या दिवशी तिने स्वयंपाकघरात जाऊन, कुणी न सांगता, सगळ्यांसाठी चहा टाकला होता, आणि त्यात मीठ पडलं होतं, आणि सगळे काही न बोलता तो प्याले होते. आईला सगळं आठवत होतं. एकही गोष्ट सुटली नव्हती. “मी सारखी ओरडायची हो तिला,” आई म्हणाली. “एकदाही जवळ घेऊन सांगितलं नाही की तू आहेस म्हणून मी आहे.”

खोडरबर ऐकत राहिली. आयुष्यात जे जे आईच्या तोंडून ऐकायचं होतं ते सगळं एका बैठकीत ऐकायला मिळत होतं. मध्ये बोलली तर ते थांबेल म्हणून ती बोलत नव्हती. पण शेवटी तिला राहवलं नाही.

“कशानं गेली?”

आईचा अंगठा दांड्यावरच्या त्या गुळगुळीत जागेवर पुढेमागे होत होता.

“दुखणं नाही, काही नाही,” ती म्हणाली. “आपल्याच हातानं गेली. ताजं आहे अजून, बघा. हाताला गरम लागतं.”

बाहेर ऊन संपलं. कट्ट्यावरच्या वस्तूंचे आकार एकमेकांत मिसळले. आईने डोळे पुसले, जरा सरकून बाजूच्या पलंगावरची उशी मोकळी केली, तिच्यावरची पावडरची डबी पलीकडे ठेवली आणि त्या जागेवर चमचा अलगद निजवला. मग तिला पायाशी बसलेल्या बाईची आठवण झाली असावी. तिने वाकून पाहिलं.

“अहो, तुम्ही नका इतकं रडू,” आई म्हणाली. तिने पदर पुढे केला आणि हळूच, परक्या बाईचे पुसावेत तसे लेकीचे डोळे पुसले. “असती तर तुमच्याएवढीच असती आता. तुमची कोण लागत होती ती?”